पंधरा पाउंडांचं मचाण

हरणाच्या शिकारीसाठी पाठीवर वाहून नेऊन झाडावर चढवायचा एक हलका स्टँड, म्हणजे मचाण, मी घेतला, त्याचा हा अभिप्राय. दुकानातल्या काट्यावर त्याचे पंधरा पाउंड म्हणजे काहीच वाटत नाहीत. आमच्याकडे सोना मसुरीची पिशवी येते ती वीस पाउंडांची, आणि ती मी एका हाताने डिकीतून काढतो. पण तेच पंधरा पाउंड पहाटे पाचला पाठीवर घ्या. सोबत धनुष्य, दोर, हार्नेस (म्हणजे पडलो तर झाडाला धरून ठेवणारे अंगावरचे पट्टे), थर्मास. मग ओढ्यातल्या निसरड्या दगडांवरून पलीकडे जा आणि पाऊण मैल चढ चढा. वरच्या ओकच्या पट्ट्यात पोचेस्तोवर बनियन भिजलेलं असतं. घामाचा वास म्हणजे हरणांच्या गावात दवंडी, आणि वर जाऊन हालचाल न करता बसलं की अर्ध्या तासात तोच घाम बर्फासारखा गार पडतो. म्हणून वजन महत्त्वाचं. नाहीतर वीस पाउंडांचा स्टँडही वाईट नसतो, त्याबद्दल पुढे लिहितोच.

मी मूळचा वेंगुर्ल्याचा. अकरा वर्षं पेनसिल्व्हेनियात आहे, कारखान्यात मोजमापाच्या खात्यात काम करतो. वय 48, वजन 176 पाउंड, उजवा गुडघा कुरकुरणारा. हे एवढ्यासाठी सांगतोय की स्टँडचा अभिप्राय देणाऱ्याचं वय आणि गुडघे कळल्याशिवाय तो अभिप्राय बिनकामाचा. शिकारीचं म्हणाल तर घरच्या ग्रुपवर पहिला फोटो टाकला तेव्हा दोन दिवस कोणी काही बोललं नाही. साहजिक आहे, आपल्याकडे 1972 च्या कायद्यापासून हा विषय बंदच. इथे आधी शिकारीचा अभ्यासक्रम करावा लागतो, मग परवाना, आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला धनुष्याचा हंगाम उघडतो. आमच्या फ्रीझरमधलं वर्षाचं बरंचसं मटण तिथूनच येतं, आणि मालवणी मसाल्याला ते उत्तम चालतं. असो.

क्लाइंबिंग स्टँड पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला हसूच आलं. हे तर आमच्या पाडेल्याचं तंत्र! तो पायात काथ्याचा फास अडकवून माडावर सरसर जायचा, हातांनी वर ओढायचं, पाय खाली रोवायचे. इथे फासाच्या जागी दोन ॲल्युमिनियमच्या चौकटी असतात. वरची बसायची, खालची उभं राहायची. दोन्हींची केबल खोडामागून फिरवून खिळीने अडकवायची. वजन चौकटीच्या बाहेरच्या बाजूला पडलं की आतली दातेरी पट्टी सालीत रुतते आणि मागची केबल ताणली जाते. जेवढा भार तेवढी पकड. वर बसून पायांनी खालची चौकट उचलायची, ती रोवून उभं राहायचं, मग वरची सरकवायची. दर खेपेला फूट-सव्वा फूट. वीस फुटांना मला पंधरा-सोळा खेपा लागतात. केरळकडचं माडावर चढायचं जे यंत्र आता कोकणातही दिसतं, तेही याच जातीचं.

पाडेली म्हणायचा, "पायातलो फास सुटलो तर हातान् धरूचा. हात सुटलो तर रवळनाथाक हाक मारूची." याचा अर्थ मला पहिल्याच हंगामात कळला. जुना, लोखंडी, तीस पाउंडांचा स्टँड कुणाकडून तरी स्वस्तात घेतला होता. दोन चौकटींना एकमेकींशी बांधणारी दोरी त्याच्यासोबत आलीच नव्हती, आणि मी मूर्ख, ती लागते हे मला ठाऊक नव्हतं. पाऊस पडून गेलेला, झाड बीचचं, साल काचेसारखी गुळगुळीत. बारा फुटांवर वरच्या चौकटीत बसून पाय उचलले आणि खालची चौकट खडखडत थेट मुळाशी गेली. मी वर, पाय अधांतरी. हार्नेस बांधलेला होता म्हणून जीव घाबरला तरी हाडं शाबूत राहिली. शेजाऱ्यांना फोन लावला. ते 74 वर्षांचे, रेल्वेतून निवृत्त झालेले, मला हे सगळं शिकवणारे. शिडी घेऊन यायला त्यांना पन्नास मिनिटं लागली. खालून वर बघत पहिला प्रश्न, "दोरी कुठाय?"

तेव्हापासून माझा नियम असा की नवा स्टँड बघताना आधी ती जोडदोरी, मग केबल, मग काटा.

दुसरा हंगाम मी शेजाऱ्यांच्या समिट वायपर नावाच्या स्टँडवर काढला. वीस पाउंड वजन, तीनशे पाउंडांची क्षमता, अंगाभोवती सगळीकडून बंद चौकट. बसलं की झोपाळ्यातल्या बाळासारखं सुरक्षित वाटतं. त्या कठड्यावर कोपर टेकवून मी एकदा चक्क घोरलो. नावं ठेवायची तर माझ्या गुडघ्याला, त्या स्टँडला नाही. बंदूकवाल्याला समोरचा दांडा उलट उपयोगीच, नळी टेकवायला. धनुष्याला मात्र बसून नेम धरायचा तर समोर आणि खाली मोकळी जागा हवी. कंपाऊंड बो, म्हणजे टोकांना चाकं असलेलं धनुष्य, त्याचं खालचं टोक मांडीच्याही खाली येतं, ते दांड्याला लागलं की टण्णकन आवाज, आणि हरणाची शेपटी पांढरा रुमाल दाखवत पसार. उभं राहून मारायचं तर प्रश्न नाही, पण हरीण वीस यार्डांवर असताना उभं राहणं हाच मोठा प्रश्न.

तेव्हा समोरून उघडा आणि हलका, असं ठरलं. पंधरा पाउंड म्हणजे पावणेसात किलो. किंमत कर धरून चारशे डॉलरला थोडी कमी. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण आता तक्रारी येणार आहेत आणि त्यातल्या बहुतेक या जातीच्या कुठल्याही हलक्या स्टँडला लागू पडतील. पाच पाउंड कमी करायचे तर ते कुठून तरी कापावे लागतात. कापतात ते तुमच्या बुडाखालून आणि पायाखालून.

बैठक म्हणजे जाळीची एक पट्टी. दोन तासांनी मांड्यांना मुंग्या येतात. मी त्यावर फोमची घडीची उशी घेतो, तिचे पाव पाउंड परत वजनात धरा. पायाखालची चौकट एवढी लहान की दोन बूट मावले की संपली. उजवीकडून हरीण आलं तर पाय आधी कसे फिरवायचे याची मी परसातल्या मेपलवर रंगीत तालीम केली. चढताना समोर दांडा नाही, त्यामुळे सगळा जोर दंडांवर आणि पोटावर. पहिल्या आठवड्यात शिंकलो तरी पोट दुखायचं. आणि खांद्याचे पट्टे तर लग्नात मिळालेल्या पिशवीच्या बंदांसारखे. ते पहिल्याच दिवशी काढून जुन्या सॅकचे रुंद पट्टे लावले. वाहून न्यायलाच हलका केलेल्या वस्तूचे वाहायचे पट्टे असे का देतात, देव जाणे.

आवाजाचा उपाय स्वस्तात झाला. मुलाच्या सायकलची फाटलेली ट्यूब बोटभर रुंदीत कापून, जिथे चौकटी एकमेकींवर बसतात तिथे गुंडाळली. आता अंधारात उघडताना फक्त माझेच सांधे वाजतात.

पेटीत पूर्ण अंगाचा हार्नेस मिळतो. चांगल्या कंपन्या तो देतातच. पण त्याचे पट्टे अंधारात उलगडणं म्हणजे मांजराने खेळलेली लोकर. मी जाकिटासारखा वेगळा घेतला. इथे वजन वाचवू नका. झाडाभोवतीचा दोर जमिनीपासूनच बांधायचा आणि दर खेपेला आपल्यासोबत वर सरकवायचा. वर पोचल्यावर बांधू म्हणणाऱ्याने पडायच्या सगळ्या संधी आधीच घेऊन झालेल्या असतात. पडल्यावर हार्नेसमध्ये नुसतं लटकून राहिलं तर पायांतलं रक्त वर येत नाही, म्हणून पाय टेकायचा पट्टाही खिशात हवा. धनुष्य आपण वर पोचल्यावर दोराने ओढून घ्यायचं, बाणांची पाती झाकलेली.

झाडाचं लिहिलं नाही तर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. स्टँड कितीही भारी घ्या, त्याला विजेच्या खांबासारखं सरळ, मधे फांद्या नसलेलं खोड लागतं. आमच्या रानात त्यासाठी ट्यूलिप पॉप्लरसारखं झाड नाही. रेड ओक चालतो. शॅगबार्क हिकरीची साल पापुद्र्यांनी सुटते, त्यावर दात रुतल्यासारखे वाटतात आणि पापुद्र्यासकट खाली येतात. ॲशच्या तर वाटेला जाऊ नका. 2007 मध्ये या राज्यात ॲश पोखरणारा पाचूच्या रंगाचा कीडा सापडला आणि तेव्हापासून उभीच्या उभी झाडं वाळून गेली. बाहेरून सरळसोट, आतून ठिसूळ. सरकारी गेम लँडवर, म्हणजे शिकारीसाठी राखलेल्या रानात, आणि ती या राज्यात पंधरा लाख एकरांच्या आसपास आहे, झाडाला इजा करणारं काही लावता येत नाही. त्यामुळे खिळे आणि स्क्रूच्या पायऱ्या बाद, आणि क्लाइंबर बरा पडतो.

अजून एक गोष्ट हाताने केल्याशिवाय कळत नाही. खोड वर निमुळतं होतं. खाली चौकट सपाट लावलीत तर वीस फुटांवर ती समोरून खाली झुकते, आणि सगळा वेळ घसरगुंडीवर बसल्यासारखा जातो. म्हणून जमिनीवर लावतानाच पुढची बाजू चार बोटं वर ठेवायची. किती, ते झाडागणिक बदलतं. माझा अंदाज अजूनही तीनांतून एकदा चुकतो, मग निमूट खाली उतरून केबलचं एक भोक कमी करायचं.

एवढ्या तक्रारी करूनही मी तो परत केलेला नाही, याचं कारण गेल्या नोव्हेंबरचा एक शनिवार. सकाळी आठच्या सुमारास सतरा यार्डांवर मादी आली. मी बसलेलाच होतो, धनुष्याला काही लागलं नाही, बाण बरोबर गेला. पण मग ती नव्वदेक पाउंडांची, आतडी काढल्यावरसुद्धा. ती ओढत न्यायची आणि स्टँडही परत न्यायचा, तोच पाऊण मैल, तोच ओढा. तीस पाउंडांचं लोखंड असतं तर दोन खेपा. स्टँड पाठीवर, दोर कमरेला, एकाच खेपेत गाडीपाशी आलो. ओढ्यात मात्र एकदा सपशेल बसलो.

शेजारी दुपारी मांस कापायला आले. स्टँड उचलून पाहिला, दोनदा वरखाली केला, मान डोलावली. मग म्हणाले, बघू तरी. परसातल्या मेपलला लावून दिला, हार्नेस घातला, तीन फूट चढले आणि त्या जाळीच्या पट्टीवर बसले. पाच मिनिटं काही बोलले नाहीत. खाली उतरून म्हणाले, "याच्यापेक्षा मी पाच पाउंड उतरवतो." आणि आपला वायपर पाठीला लावून घरी गेले.