समुद्री गवताच्या नावाखाली 10,150 रुपयांना फसवलं

खाऱ्या पाण्याची टाकी (मत्स्यालय) असलेल्या प्रत्येकाने हे वाचा, कारण झाडं-प्रवाळ कुरिअरने विकणारा हा माणूस अजूनही धंदा करतोय.

प्रवाळांसोबत समुद्री गवत लावायचं होतं आणि सम्पमध्ये (टाकीखालच्या गाळणीच्या टाकीत) नायट्रेट-फॉस्फेट शोषायला कीटो हे शेवाळ. थॅलेसिया या समुद्री गवताच्या 10 काड्यांचे 4,500, कीटोच्या गोळ्याचे 1,200, दोन झोआ फ्रॅगचे (मऊ प्रवाळाच्या लहान तुकड्यांचे) 3,800, पॅकिंग-कुरिअरचे 650. सगळे यूपीआयने, आगाऊ. आगाऊ का दिले म्हणून मला शिकवू नका. या छंदात सगळेच देतात. जिवंत माल उधारीवर कोण पाठवतं? शिवाय त्याने टाकीचा व्हिडिओ दाखवला होता. तो दुसऱ्याचा चोरलेला होता हे मागाहून कळलं.

खोकं रात्री आलं. एक पिशवी गळली होती. खालचा वर्तमानपत्राचा कागद भिजून वाळला होता. खारं पाणी वाळलं की कागदावर मिठाची पांढरी कड उरते, बोटं चिकट होतात. या कागदावर काहीच नव्हतं, आणि तो माझ्या हातात होता! खारेपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर समोरच्या ड्रॉवरमध्ये. पिशवीतल्या पाण्याचा एक थेंब पुरला असता. पण तो फोनवर सारखा मागे लागला होता, “दादा, दोन दिवस अंधारात आहेत, ड्रिप करत (टाकीचं पाणी थेंबाथेंबाने मिसळत) बसू नका, थेट सोडा.” झाडं जगावीत म्हणून सोडली. त्याला मला मोजूच द्यायचं नव्हतं, त्यासाठी ती घाई. विकणारा घाई करायला लागला की आधी मोजा.

निघालं व्हॅलिसनेरिया, गोड्या पाण्यातलं. थॅलेसियाला जाड, गाठीगाठींचं आडवं खोड असतं. याला नुसता पांढऱ्या मुळ्यांचा झुबका. 1.025 घनतेच्या खाऱ्या पाण्यात पानं पारदर्शक होऊन विरघळली. कीटो हाताला नायलॉनच्या घासणीसारखा कडक लागतो. हा गोळा मऊ, बुळबुळीत, तोही कुजला. अमोनिया वाढला, माझे जुने झोआ मिटले ते उघडलेच नाहीत. नवे फ्रॅग तर त्याने पाठवलेच नाहीत.

पैसे मागितले तर धमकी: “तक्रार करा, मग तुमच्या टाकीतले कोरल वनखात्याला दाखवतो.” या धमकीला घाबरू नका, पण कायदा माहीत असू द्या. दगडी प्रवाळ, काळं प्रवाळ, समुद्रपंखे यांना 2001 पासून वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. ते विकतच घेऊ नका. माझ्याकडे झोआ आणि मशरूम प्रवाळ आहेत, दगडी एकही नाही.

पोलीस ठाण्यात हवालदार म्हणाले, “पार्सल मिळालं ना? मग फसवणूक कसली?” शेवाळाला 1,200 रुपये ऐकून शेजारचे हसले. हसण्यासारखं काय होतं? साहेब म्हणाले, समुद्रातलं आहे, वनखात्यात जा. तिथले म्हणाले, पैशांचा मामला, पोलिसांत जा. बँकेने सांगितलं, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. ग्राहक म्हणून दाद मागावी तर बिल कुठाय विचारतात. सगळ्या चॅटचे स्क्रीनशॉट माझ्याकडे होते, ते कुणी उघडूनही पाहिले नाहीत. अर्ज ठेवून घ्या म्हटलं तर पोचपावतीसुद्धा दिली नाही. अशाने चोरांना भीती कुणाची राहणार?

पैसे गेल्याचं लक्षात येताच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, तासही दवडू नका. आणि विकत घेण्याआधी व्हिडिओत आजची तारीख लिहिलेला कागद काचेला लावायला सांगा.

तो आता दुसऱ्या नावाने हॅलोफिला हे समुद्री गवत विकतोय, 600 रुपये काडी. व्हिडिओ तोच आहे: डाव्या कोपऱ्यात तिरका हीटर, खाली तडा गेलेली पांढरी फरशी. तो दिसला की पैसे पाठवू नका.