साठीनंतरची सोबत: गावठी कुत्रं की मांजर?

मुलं पुण्याला नाहीतर बंगळूरला, घरात दोघंच, बीपीची गोळी चालू आणि डॉक्टरांचं एकच पालुपद, रोज चाला. बेळगावच्या टिळकवाडी-शहापूरपासून खानापूर-निपाणीपर्यंत अशा घरांत हल्ली जनावर पाळायचा विषय निघतो आणि कुत्रं की मांजर इथं येऊन अडतो. मी दोन्ही पाळलीत. जीव लावण्यात दोघांत डावं-उजवं करवत नाही. फरक पडतो तो माणसाच्या पायांत आणि पावसाळ्यात.

आधी काळजाचं. अमेरिकेत एका संशोधिकेनं सहकाऱ्यांसोबत हृदयविकाराच्या ९२ रुग्णांवर वर्षभर लक्ष ठेवलं, तो अभ्यास १९८० साली प्रसिद्ध झाला. घरात जनावर असलेल्या ५३ जणांतले ३ दगावले, नसलेल्या ३९ जणांतले ११. त्याच संशोधिकेनं १९९५ मध्ये मोठ्या गटाची पाहणी प्रसिद्ध केली, तिच्यात कुत्रं असलेल्या ८७ जणांतला एकच गेला आणि नसलेल्या २८२ जणांतले १९. मांजरवाल्यांना असा फायदा दिसला नाही. मुळात धडधाकट माणूसच कुत्रं पाळायला धजतो, हेही यात असू शकतं, म्हणून हे आकडे फार ताणू नयेत. पण रोजच्या व्यवहाराशी ते जुळतात. सकाळ-संध्याकाळ पंधरा-पंधरा मिनिटं कुत्र्याला फिरवलं की पाच दिवसांत दीडशे मिनिटं भरतात, आणि आठवड्याला तेवढं चालणं तर डॉक्टरही मागतात. मांजर मांडीवर येऊन घुरघुरतं, मन शांत होतं, श्वास संथ होतो. ते सुख मोठंच आहे. पण त्यात माणूस खुर्चीतून उठत नाही.

शिवाय कुत्र्यामुळे माणसं जोडली जातात. व्हॅक्सिन डेपोच्या झाडीतून एकटा माणूस महिनाभर चालला तरी कुणी थांबवत नाही, सोबत कुत्रं असलं की दुसऱ्याच दिवशी कुणीतरी "हेसरेन्री?" म्हणून त्याचं नाव विचारतं. आपलं कन्नड तोडकं, त्यांची मराठी तोडकी, पण बोलणं सुरू होतं. एकटेपणावर याच्याइतकं लागू पडणारं दुसरं काही मला माहीत नाही.

कुत्र्याची कटकट पावसात. जून ते सप्टेंबर बेळगावचा पाऊस थांबायचं नाव घेत नाही आणि कुत्र्याला बाहेर तर न्यावंच लागतं. परत आल्यावर पंजांच्या बोटांच्या बेचक्या सुक्या फडक्यानं टिपायच्या, नाहीतर तिथं बुरशी धरते. डबक्यातलं पाणी पिऊ द्यायचं नाही, उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार होतो. लस घेताना तिच्यात लेप्टो आहे का, हे विचारून घ्या. कानाच्या आत, पट्ट्याखाली आणि बोटांच्या मध्ये गोचीड बघायची. सापडली तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायची; रॉकेल लावायचं नाही, बोटानं चिरडायची नाही. हे सगळं दहा मिनिटांचं काम आहे. कंटाळा येतो, पण रोजच्या रोज संपतं.

मांजराचं जे काही होतं ते संपत नाही, आणि माझा निर्णय तिथंच झाला. बोका वयात आला की शेपटी ताठ उभी करून, तिचं टोक थरथरवत उभ्या वस्तूवर मूत मारतो. तांदळाच्या पोत्यावर, कपाटाच्या दारावर, घडी घालून ठेवलेल्या वाकळांवर. उन्हाळ्यात वाकळ धुवून गच्चीवर टाकली की भागतं. जुलैत भिजलेली वाकळ एकट्या माणसाला उचलत नाही, आणि ऊन नसल्यानं आठ-आठ दिवस दमट राहते. मुतातले युरिक अ‍ॅसिडचे खडे पाण्यात नीट विरघळत नाहीत. वरून कोरडं वाटतं, पण हवा दमट झाली की वास पुन्हा उठतो. मग त्याच वासावर बोका परत तिथंच येतो. फिनेलनं वास दबतो, जात नाही, आणि पायाला लागलेलं फिनेल चाटलं तर मांजराला विषबाधा होते.

उपाय आहेत. पाच-सहा महिन्यांचा असतानाच, सवय लागायच्या आत, नसबंदी करावी. डाग आधी सुक्या कापडानं दाबून टिपावा, मग एंझाइमचा क्लीनर मूत जितकं खोल गेलं तितका मुरवून आपोआप वाळू द्यावा. नसबंदीनंतर बहुतेक बोके थांबतात, पण दहांतला एखादा थांबत नाही. मांजरच हवं असेल तर माझं मत मादी घ्या असं पडेल. तिचीही नसबंदी लागतेच. शू-शीच्या ट्रेमध्ये पावसात ओली वाळू भरू नये, लाकडाचा सुका भुसा दोन इंच घालावा आणि घाण रोज काढावी. मांजराच्या शीतून पसरणाऱ्या टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची अंडी संसर्गजोगी व्हायला निदान एक दिवस लागतो, म्हणून रोज. सून-लेक गरोदर असेल तर ते काम तिला देऊ नये.

आता चावण्याचं. भीती कुत्र्याची असते, पण मांजराच्या चाव्यातून, ओरखड्यातूनही रेबीज होऊ शकतो. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा आणि सुया मध्येच सोडायच्या नाहीत.

गुडघे कामातून गेलेत, जिना उतरवत नाही, अशांनी मांजरच घ्यावं. तिथं माझा हट्ट नाही. दम्याच्या माणसानं आधी मांजर असलेल्या घरी दोन-तीन तास बसून बघावं. बाकीच्यांनी गावठी कुत्रं, तेही पिल्लू नको, दोन-तीन वर्षांचं, पंधरा किलोच्या आसपासचं. मुधोळ जवळ म्हणून तिथलं कारवानी, म्हणजे मुधोळ हाउंड हे शिकारी कुत्रं, आणायचा मोह होतो. जात देखणी आहे, २००५ साली तिच्यावर टपाल तिकीटही निघालं. पण तिला मोकळं रान लागतं, आणि ससा दिसला की दिलेला हिसका साठीतल्या मनगटाला झेपत नाही. कुठलंही कुत्रं असो, पट्टा गळ्याऐवजी छातीचा घ्या, दोरी चार-पाच फुटांची, आणि ती मनगटाला गुंडाळू नका; हातात नुसती धरा, म्हणजे ओढ बसली तर सोडता येते.

आणायचं ते दिवाळीचे फटाके संपल्यावर आणा. जूनपर्यंत सहा महिने मिळतात. तेवढ्यात त्याला वेळा कळतात, तुम्हाला चालायची सवय लागते, आणि पहिला पाऊस आला तरी ते पहाटे दाराशी जाऊन उभं राहतंच.