माजघरातला टीव्ही, बागेतला ग्रासकटर आणि टेबलावरचं ‘श्श’ करणारं यंत्र

मुठीपेक्षा थोडं मोठं, गोल, वर चार-पाच बटणं आणि मागे यूएसबीची वायर. ‘व्हाइट नॉइज मशीन’ (बाहेरचे आवाज झाकायला एकसारखा ‘श्श’ करत राहणारं यंत्र) म्हणून ऑनलाइन शोधलं की साधारण बाराशे ते अडीच हजार रुपयांत अशी डझनभर यंत्रं समोर येतात. नावं वेगळी, पण आतला माल बहुतेकांत सारखाच: एक छोटा स्पीकर, एक चिप आणि वीस-तीस आवाज. दापोली, गुहागर, मालवण या पट्ट्यात गावच्या घरी बसून पुण्या-मुंबईच्या कंपनीचं काम करणाऱ्यांनी किंवा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्यांनी ते घ्यावं का? शेजारच्या खोलीतलं बोलणं हा मुख्य त्रास असेल तर घ्यावं, आणि त्या कामासाठी पाचपैकी चार गुण. बाकीच्या बहुतेक आवाजांसाठी वीस-तीस रुपयांची इअरप्लगची जोडी जास्त उपयोगी. ‘पुस्तक उघडलं की मन भलतीकडे जातं’ अशी तक्रार असेल तर मात्र घाई करू नये.

बोलणं आणि बाकीचा आवाज यांत एवढा भेद का, ते आधी समजून घ्यायला हवं, नाहीतर यंत्राची बटणं चुकीची दाबली जातात. १९७६ साली कोल आणि वेल्श या दोघांनी एक साधा प्रयोग केला. इंग्रजी बोलणाऱ्या लोकांना अक्षरांच्या याद्या क्रमाने लक्षात ठेवायला दिल्या आणि मागे जर्मन भाषेतलं वाचन लावलं. ऐकणाऱ्यांना अर्थ कळत नव्हता, ऐकायचंही नव्हतं, तरी चुका वाढल्या. नंतरच्या प्रयोगांतून दिसलं की मुद्दा बदलाचा आहे. तोच सूर पुन्हा पुन्हा वाजला तर त्रास कमी, सूर बदलत राहिला तर जास्त. बोलण्यात तर दर क्षणाला अक्षर बदलतं. साध्या बोलण्याच्या पट्टीत आवाज थोडा मोठा की थोडा लहान याने फारसा फरक पडत नाही. म्हणून ‘टीव्ही जरा हळू करा’ सांगून भागत नाही. हळू आवाजातले शब्दही लागतातच. शिवाय वाचन आणि लेखन असेल तर कळणाऱ्या भाषेतलं बोलणं अर्थानेही आड येतं, आणि त्यात कुणी तुमचं नाव घेतलं तर विचारूच नका. मोरे या संशोधकाच्या १९५९ च्या प्रयोगात, एका कानाकडे दुर्लक्ष करायला सांगितलेल्या लोकांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांना त्या कानात आलेलं स्वतःचं नाव ऐकू आलं होतं.

आता कोकणातलं घर घ्या. चिऱ्याची नऊ-दहा इंची भिंत आवाज चांगला अडवते. पण जुन्या कौलारू घरात आतल्या भिंती आढ्यापर्यंत जात नाहीत. वर वासे, कौलं आणि मोकळी हवा. माजघरात आजीची मालिका लागली की आवाज भिंतीवरून उतरतो. अशा घरात दार लावून काही साधत नाही आणि इथेच हे यंत्र कामाला येतं. ते शांतता करत नाही, एकसारखा ‘श्श’ करून बोलण्यातले शब्द पुसतं. कुणीतरी बोलतंय एवढं कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. तेवढं पुरतं.

यंत्रावर सहसा तीन रंगांचे आवाज असतात. व्हाइटमध्ये सगळ्या कंप्रतांना सारखी ताकद, त्यामुळे कानाला तो तीक्ष्ण, गॅसच्या शेगडीसारखा लागतो. पिंकमध्ये दर सप्तकामागे ३ डेसिबल उतार, म्हणजे सरींचा पाऊस. ब्राऊनमध्ये ६ डेसिबल उतार, लांबच्या धबधब्यासारखा घोगरा. (ब्राऊन हे रंगाचं नाव नव्हे, कणांच्या थरथरीवरून ओळखले जाणारे रॉबर्ट ब्राऊन यांचं आडनाव ते.) सध्या सगळीकडे ब्राऊनचं कौतुक आहे आणि कानाला तो खरोखर सुखाचा वाटतो. पण बोलणं समजायला लागणारी बरीचशी माहिती ५०० ते ४००० हर्ट्झमध्ये असते आणि ब्राऊनची ताकद त्याच्या खाली. टीव्हीचे शब्द त्यातून आरपार येतात. मग लोक आवाज वाढवत नेतात आणि डोकं जड झालं म्हणतात. शब्द झाकायचे असतील तर पिंक लावा. शिवाय चार-पाच सेंटिमीटरच्या स्पीकरला खालचे सूर काढताच येत नाहीत, त्यामुळे या छोट्या यंत्रावरचा ‘ब्राऊन’ हा बहुतेक वेळा नुसता दबलेला व्हाइट असतो.

‘समुद्र’, ‘जंगल’, ‘पाऊस’ ही बटणं अभ्यासासाठी बाजूला ठेवावीत, ‘समुद्र’ तर नक्कीच. लाट फुटते, मागे सरते, मधे काही सेकंद आवाज पडतो, आणि नेमक्या त्या फटीतून माजघरातलं वाक्य आत शिरतं. खरी गाज ऐकणाऱ्यांना हे माहीत असतं. आषाढात समुद्र खवळलेला असताना ती अखंड असते, तिच्याखाली सगळं बुडून जातं. थंडीत लाटा सुट्या सुट्या फुटतात आणि मधली शांतता ऐकू येते. ‘जंगल’मध्ये दुसरी अडचण: तुकडा अर्ध्या-एक मिनिटाचा असतो आणि परत सुरुवातीपासून वाजतो. तोच पक्षी त्याच जागी पाचव्यांदा ओरडला की मन त्याची वाट बघायला लागतं. स्वस्त यंत्रांत पिंकसुद्धा असा तुकड्याने वाजतो आणि जोडावर बारीक ‘टक्’ येतो. यंत्र घरी आल्याबरोबर डोळे मिटून पाच मिनिटं नुसतं ऐका. जोड एकदा सापडला की नंतर तो ऐकू येतच राहतो. असं यंत्र परत पाठवा.

मांडणीत बहुतेकांची चूक होते: यंत्र कानाशी, पुस्तकाशेजारी ठेवतात. ते आवाज येण्याच्या वाटेवर हवं, तुमच्यापासून मीटर-दीड मीटरवर. फ्लॅटमध्ये दाराजवळ, कौलारू घरात उंचावर, कपाटाच्या डोक्यावर, कारण आवाज वरून येतोय. मग टीव्ही नेहमीइतका लावायला सांगा, यंत्र सर्वांत खालच्या पायरीवर सुरू करा आणि एकेक पायरी चढवत जा. ज्या पायरीवर शब्द लागेनासे होतात तिथेच थांबा, एक पायरीही पुढे नको. बहुतेक खोल्यांत हे ४५ ते ५५ डेसिबलमध्ये बसतं. मोबाइलवरची मापनाची अ‍ॅप्स कॅलिब्रेट केलेली नसतात, त्यामुळे आकडा अंदाजाचाच धरा. ६० च्या वर जावं लागत असेल तर टीव्हीच दुसऱ्या खोलीत हलवायला हवा. आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्या माणसांसाठीची मर्यादा आहे. टेबलावरचं यंत्र तिथवर सहसा जात नाही, पण पाळण्याजवळ ठेवाल तर गोष्ट वेगळी. २०१४ साली तान्ह्या मुलांसाठीची १४ यंत्रं तपासली गेली, तेव्हा पूर्ण आवाजावर त्यांतली तीन ३० सेंटिमीटरवर ८५ डेसिबलच्या वर गेली होती.

‘७० डेसिबलच्या गजबजाटात डोकं चांगलं चालतं’ असंही जाहिरातींत वाचायला मिळतं. त्यामागे २०१२ चा खरा अभ्यास आहे, पण तो नवीन कल्पना सुचण्यासंबंधीचा होता आणि ८५ डेसिबलला तोही फायदा उरला नव्हता. कलमं आणि सनावळ्या पाठ करणाऱ्याने तो आकडा स्वतःला लावून घेऊ नये.

पावसाळ्यात यंत्राची गरज निम्म्याने कमी होते, हे कोकणात राहणाऱ्याला सांगायला नको. कौलांवरचा संथ पाऊस म्हणजे फुकटचा पिंक. पत्र्याची शेड असेल तर मात्र जोराच्या सरीत शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागतं. अशा वेळी वर यंत्र लावणं म्हणजे गोंगाटात भर. पावसाळ्याची खरी अडचण विजेची. यंत्राला इतका कमी करंट लागतो की बरेच पॉवर बँक ‘काही जोडलेलंच नाही’ असं समजून थोड्याच वेळात बंद पडतात. यंत्र बिघडलं असं वाटतं, ते बिघडलेलं नसतं. कमी करंटची सोय असलेला पॉवर बँक घ्या, किंवा त्याच पॉवर बँकेला एक छोटा यूएसबी दिवा जोडा. वीज आल्यावर आधीच्या आवाजावर आपोआप सुरू होणारं यंत्र निवडा. काही यंत्रं दर वेळी पहिल्या बटणावर, पूर्ण आवाजात जागी होतात आणि तो धक्का अर्ध्या तासाचा अभ्यास घालवतो. समुद्राकडच्या खिडकीत ठेवू नका, खारी हवा यूएसबीच्या खाचेत हिरवट बुरशीसारखा गंज धरते.

आता यंत्राला न पेलणारे आवाज. पाऊस सरला की आंबा-काजूच्या बागांतून ग्रासकटर सुरू होतात. टू-स्ट्रोक इंजिन, दर झुडपागणिक चढतं-उतरतं. बदलतं म्हणूनच ते इतकं टोचतं. पाववाल्याचा भोंगा, कुकरची शिट्टी, वानर हाकायला फोडलेला फटाका हेही त्यातलेच. यांना झाकायचं तर यंत्र नको इतकं वाढवावं लागेल. इथे फोमचे इअरप्लग घ्या. थ्रीएमचे ११०० हे नारिंगी निमुळते प्लग हार्डवेअरच्या किंवा सेफ्टी सामानाच्या दुकानात सहज मिळतात. त्यांच्यावर एनआरआर (किती डेसिबल आवाज घटतो त्याचं मानांकन) २९ लिहिलेलं असतं. तो प्रयोगशाळेतला आकडा. अमेरिकेत कामगारांसाठी हिशेब करताना त्यातून ७ वजा करून उरलेल्याचं निम्मं धरतात, म्हणजे ११ डेसिबल. मांडून बसल्यावर ११ कमी वाटतात, पण पलीकडच्या खोलीतलं वाक्य पुटपुटण्यात बदलायला ते बऱ्याचदा पुरतात.

प्लग ‘चालत नाहीत’ म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते नुसते कानाच्या तोंडाशी टेकवलेले असतात. हात धुऊन प्लग सुरकुती न पडता वातीसारखा बारीक वळा. उलट्या हाताने डोक्यामागून कान वर आणि मागे ओढा, त्याने वाट सरळ होते. प्लग आत सरकवा आणि अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा, तो फुगेपर्यंत. बाहेरून बघणाऱ्याला जेमतेम टोक दिसलं पाहिजे. स्वतःचं गिळणं, चावणं, श्वास मोठा ऐकू यायला लागतो. पहिले दोन दिवस ते खटकतं.

दमट हवेत एक पथ्य मात्र कडक पाळायला हवं. ओल्या कानात प्लग घालू नका, आंघोळीनंतर किमान अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. फोम धुवायचा नसतो; मळला, कडक झाला की टाका. बंद, ओल्या कानात बुरशी सहज धरते, आणि कोकणातल्या पावसाळ्यात तर त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. खाज, पांढरा-काळा स्राव, कान दाटल्यासारखं वाटणं यांपैकी काही झालं तर प्लग बंद आणि कानाच्या डॉक्टरकडे. पडद्याला भोक किंवा कान वाहण्याचा जुना त्रास असेल त्यांनी आधी विचारूनच घ्यावेत.

नॉइज कॅन्सलिंग हेडफोनबद्दल थोडक्यात: पंखा, जनरेटर, गाडीची घरघर असे खालचे, एकसारखे आवाज ते छान खातात, पण साधारण १००० हर्ट्झच्या वर त्यांचा जोर ओसरतो. त्यामुळे मागची घरघर जाते आणि टीव्हीतलं भांडण अधिक स्पष्ट होतं. फक्त अभ्यासासाठी पाच-दहा हजार घालू नयेत.

राहिला प्रश्न भरकटणाऱ्या मनाचा. २०१० साली किलिंग्सवर्थ आणि गिल्बर्ट यांनी लोकांना फोनवरून दिवसभरात अवचित विचारलं, तेव्हा ४६.९ टक्के वेळा मन हातातल्या कामाव्यतिरिक्त कुठेतरी होतं. हे बाहेरच्या आवाजाने घडतंच असं नाही. काम सोपं, रटाळ किंवा डोक्यावरून जाणारं असलं तरी ते होतं, आणि एकसुरी ‘श्श’ काही जणांना आणखी गुंगवतो. एडीएचडी (लक्ष टिकवणं मुळातच अवघड जाणारी मेंदूची स्थिती) असलेल्यांसाठी चित्र वेगळं आहे. २०२४ च्या एका एकत्रित विश्लेषणात १३ अभ्यासांवरून व्हाइट-पिंक आवाजाचा त्यांना थोडा फायदा दिसला, आणि एडीएचडी नसलेल्यांच्या कामगिरीत जवळपास तेवढीच घट. ब्राऊनवर तपासण्याजोगा अभ्यास संशोधकांना मिळालाच नाही.

तेव्हा आपण कोणत्या गटात, हे यंत्र परत करता येतं त्या मुदतीतच ठरवून टाका. रोज त्याच वेळी, त्याच विषयाची पंचवीस-पंचवीस मिनिटांची दोन सत्रं. एक यंत्र लावून, एक बंद ठेवून, आणि क्रम दररोज उलटा. वहीच्या समासात, मन गेलं आणि परत आणलं की एक टिंब. आवाजामुळे गेलं तर टिंबाला गोल. सहा दिवसांनी मोजा. गोलवाली टिंबं निम्म्याने कमी झाली असतील तर यंत्र ठेवा. एकूण टिंबं दोन्हीकडे सारखीच असतील, किंवा यंत्र लावल्यावर वाढली असतील, तर खोक्यात भरून परत पाठवा आणि त्या पैशात सकाळी पाचच्या अभ्यासासाठी एक चांगला टेबल लॅम्प घ्या.