ई-पीक पाहणी: तीन हंगाम, दोन भाऊ आणि एक जुना फोन

औसा तालुक्यात आमची साडेपाच एकर जमीन आहे, सगळी सासऱ्यांच्या, म्हणजे मामांच्या नावावर. ई-पीक पाहणीचं, म्हणजे रानातलं पीक फोटोसकट सातबाऱ्यावर नोंदवायचं अ‍ॅप मी २०२४च्या खरिपापासून वापरते. त्याआधी घरात कुणी ते उघडलंही नव्हतं. अ‍ॅप राज्यभर सुरू झालं १५ ऑगस्ट २०२१ला, पण आमच्या गावाला जाग आली ती तीन वर्षांनी. २०२३च्या खरिपातल्या सोयाबीन-कापसाला हेक्टरी ५,००० रुपये, तेही २ हेक्टरपर्यंत, असं अनुदान जाहीर झालं आणि आधी पीक पाहणीच्या यादीतली नावं धरली गेली. अट पुढं सैल झाली म्हणा, पण यादीत नाव नाही हे कळल्यावर मामांनी संध्याकाळी फोन माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाले, "हे आता तुझं खातं."

पूर्वी पीकपेऱ्याची नोंद लागली की तलाठी भाऊसाहेबांना गाठायचं, ते 'काय पेरलंय?' विचारणार, आपण सांगणार, ते लिहिणार. गावाकडं बरेचदा मागच्या वर्षीचंच पीक पुढं सरकायचं. हरभरा काढून तीन वर्षं झालेल्या रानात कागदावर हरभराच उभा. आता गाव नमुना बारा, म्हणजे सातबाऱ्यातला 'बारा', आपण स्वतः भरतो आणि ती स्वयंघोषणा मानली जाते. भाऊसाहेब काही नोंदी तपासतात, सगळ्या नाही. हा बदल मला मनापासून आवडला. एक गोष्ट मात्र कुणी आधी सांगत नाही. लिहिणारे आपण, म्हणून चूकही आपलीच.

माझी पहिली चूक ४,००० रुपयांची होती. आमच्याकडं सहा तासं (ओळी) सोयाबीन आणि एक तास तूर, अशी पेरणी असते. अ‍ॅप विचारतं, निर्भेळ पीक की मिश्र? मी म्हटलं, रान तर सोयाबीनचंच दिसतंय. निर्भेळ सोयाबीन टाकलं, फोटो काढला, संकेतांक टाकून पाठवलं. ४८ तासांत नोंद दुरुस्त करता येते. माझ्या मात्र ते ध्यानातच नव्हतं. जानेवारी उलटल्यावर तूर खळ्यावर आली, ९ क्विंटल. हमीभाव ७,५५० रुपये होता. खरेदी केंद्रावर नोंदणीला सातबारा लागतो आणि त्यावर तूर हवी. आमच्या सातबाऱ्यावर तुरीचा दाणा नव्हता. आडतीला ७,१०० नं घातली. मामा काही बोलले नाहीत, पण त्या दिवसापासून मी नोंद पाठवायच्या आधी एकदा त्यांना मोठ्यानं वाचून दाखवते.

क्षेत्राचंही एक सांगते. आपण एकर-गुंठ्यात बोलतो, अ‍ॅप हेक्टर-आर मागतं. एक एकर म्हणजे ०.४० हेक्टर आणि गुंठा म्हणजे जवळजवळ एक आर, एवढं पाठ असलं की भागतं. सुरुवातीला मी पोराच्या पाटीवर हिशेब करायचे. मिश्र पिकात दोन्हींचं क्षेत्र वेगळं टाकावं लागतं, तिथं मात्र अजून अडखळते, कारण तासं मोजून क्षेत्र काढायची सवय आमच्यापैकी कुणालाच नाही.

रब्बीत केंद्राच्या डिजिटल क्रॉप सर्व्हेचं नवं अ‍ॅप आलं आणि खरी गंमत तिथं झाली. जुन्यात फोटोबरोबर अक्षांश-रेखांश जायचे, पण कुठं उभे आहात म्हणून कुणी अडवत नव्हतं. नव्यात गटाच्या, म्हणजे सातबाऱ्यावरच्या त्या जमिनीच्या तुकड्याच्या, ५० मीटरच्या आत असल्याशिवाय फोटोच पुढं सरकत नाही. डिसेंबरात मी आमच्या विहिरीजवळच्या रानात, गुडघ्याएवढ्या हरभऱ्यात उभी. स्क्रीनवर संदेश, तुम्ही गटापासून दूर आहात. मी फोन बंद-चालू केला. लोकेशन बंद-चालू केलं. आंब्याखालून निघून उघड्यावर आले. नकाशातला निळा ठिपका आमच्या रानातच होता, पण अ‍ॅपला हवा असलेला गट पलीकडं ओढ्याकाठी रंगवून दाखवलेला. तिथं चुलतसासऱ्यांचा, तात्यांचा ऊस उभा.

घरी येऊन मामांना दाखवलं. बराच वेळ पडदा बघत बसले आणि मग म्हणाले, "अगं, अदलाबदल झालीया ना आमची."

कधी? तर त्यांचे वडील असताना. ओढ्याकाठची जमीन कागदावर मामांची, विहिरीजवळची तात्यांची. तात्यांना उसाला पाणी जवळ पाहिजे होतं, मामांना घराजवळ रान पाहिजे होतं. दोघं भाऊ बांधावर बसले, सुपारी खाल्ली आणि बदलून टाकली. कुणी काही लिहिलं नाही. पस्तीस-एक वर्षं कुणाचं काही अडलंही नाही, कारण भाऊसाहेबांना दोन्ही भाऊ जे सांगतील ते लिहिलं जायचं. फोनला मात्र सुपारीचं काय माहीत. म्हणजे खरिपात मी मामांच्या गटावर लिहिलेलं सोयाबीनही भलत्याच रानात उभं राहून लिहिलेलं होतं! ते चाललं, एवढंच.

आता खरं लिहायचं तर मामांच्या नावावर तात्यांचा ऊस लिहायला हवा आणि तात्यांच्या नावावर आमचा हरभरा. मग हरभऱ्याचा विमा कुणाच्या नावानं उतरवायचा आणि अतिवृष्टीची मदत कुणाच्या खात्यात? चुलतदीर एकदा म्हणाला, "वहिनी, लोकेशन फसवायचं अ‍ॅप मिळतं." मी तो विषय तिथंच मिटवला. त्या रब्बीला आम्ही उलटंच, म्हणजे कागदाप्रमाणं नोंदवलं आणि विमा भरला नाही.

मार्ग निघाला सलोखा योजनेतून. राज्यानं २०२३च्या जानेवारीत काढलेली ही योजना नेमकी असल्या लोकांसाठी आहे. एकाच्या नावाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि त्याची याच्या, असा प्रकार किमान १२ वर्षांपासून असेल, तर अदलाबदलीचा दस्त १,००० रुपये मुद्रांक शुल्क आणि १,००० रुपये नोंदणी फी एवढ्यात होतो. त्यासाठी पंचनामा लागतो. ग्राम महसूल अधिकारी (हे भाऊसाहेबांचं नवं पदनाम, गावात कुणी उच्चारत नाही) आणि मंडळ अधिकारी रानात येऊन शेजाऱ्यांना विचारतात, कोण कसतंय. पैसा फारसा लागला नाही, पण दोन म्हाताऱ्यांना एका दिवशी निबंधकांपुढं बसवायला मला चार महिने लागले. तात्यांना वाटायचं, सही केली की विहीर जाईल. विहीर तर पस्तीस वर्षांपूर्वीच गेली होती! जूनमध्ये फेरफार मंजूर झाला.

२०२५च्या खरिपात मग मी विहिरीजवळच्या रानात उभी राहिले आणि फोटो पहिल्या झटक्यात गेला. मिश्र पीक, सोयाबीन आणि तूर, जलसिंचन विहीर. एकूण सहा मिनिटं. हे मी ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात उरकलं आणि बरं झालं. सप्टेंबरात पावसानं मराठवाड्याचं काय केलं ते सगळ्यांनी बघितलंच. शेजारच्या काकू 'मुदत वाढतीच की दरवर्षी' म्हणून थांबल्या होत्या. मुदत वाढली खरी, पण तोवर त्यांच्या रानात मांडीएवढं पाणी होतं. गटाजवळ जाणार कसं आणि फोटो काढणार कशाचा? म्हणून माझं सांगणं एवढंच, पीक महिन्याचं झालं, पानं ओळखू यायला लागली, की लगेच जा.

फोनचं म्हणाल तर आमचा जुना आहे, ठिपका रानभर हिंडतो. मोकळ्यावर दोन-तीन मिनिटं नुसतं उभं राहिलं की जागेवर येतो. रेंज नसली तरी माहिती फोनात राहते, घरी येऊन अपलोड करायची. मात्र अपलोड झालं म्हणून निश्चिंत होऊ नका, गावातल्या खातेदारांच्या यादीत आपलं नाव दिसतंय का ते बघा. एकाच फोनवरून अनेक खातेदार भरता येतात, त्यामुळं भावकीतली अकरा खाती आता माझ्याकडं आहेत. चहा मिळतो, कधी पावशेर शेंगा.

एक गोष्ट खटकते ती खटकतेच. यात फक्त खातेदार आहे. बटईनं करणारा, घामानं रान भिजवणारा माणूस या अ‍ॅपला दिसत नाही. आमच्या वाटेवरची एक बाई दोन एकर बटईनं करते. फोटोत तिचंच पीक, कधीकधी तिचाच हात, आणि नाव लातूरला राहणाऱ्या मालकाचं. ५० मीटर मोजणाऱ्या फोनला रानात रोज कोण असतं हे विचारता येईल की नाही, मला ठाऊक नाही. निदान विचारायला तरी पाहिजे.

आता रब्बी आहे. हरभरा उगवलाय. परवा बांधावरच्या झाडांची नोंद करायला बसले, तर मामा म्हणाले, आंबा टाक. घरामागच्या बांधावरचा, दोघा भावांच्या मधला. मी टाकला. रात्री चुलतदिराचा फोन, "वहिनी, तात्या म्हणतात आमच्या उताऱ्यावर आंबा टाका." त्यांचं खातंही माझ्याच फोनवर आहे. टाकला.