गच्चीवर पूल, अंगणात पूल की बाथरूममध्ये जकूझी? खानदेशातल्या घरासाठी तुलना

घरी पाण्यात डुंबायची सोय करायची तर तीन पर्याय समोर येतात: हवा भरून फुगवायचा छोटा पूल, लोखंडी पाइपांच्या सांगाड्यावर ताणलेला फ्रेम पूल आणि पाण्याचे झोत सोडणारा जकूझी टब. दुकानात तिघांची तुलना किमतीवर होते. आपल्याकडे ती आधी वजनावर आणि मग पाण्यावर करावी. किंमत त्यानंतर.

पाच फुटी फुगवायच्या पूलमध्ये चार-पाच इंच पाणी भरलं तर सुमारे 200 लिटर होतं. दहा फूट व्यासाचा, अडीच फूट उंचीचा फ्रेम पूल जवळजवळ साडेचार हजार लिटर पितो. साडेपाच फुटी जकूझीला अडीचशे-तीनशे लिटर लागतात, पण दर आंघोळीला नव्याने. शहरी पाणीपुरवठ्याचा माणशी 135 लिटरचा हिशेब धरला, तर पाच जणांच्या घराचं जवळपास आठवड्याचं पाणी एका फ्रेम पूलमध्ये जातं. नळाला चार-चार दिवस पाणी येत नसेल, तर एवढा पूल म्हणजे एक टँकर. शिवाय मे महिन्यात उन्हाने आणि वाऱ्याने रोज साधारण एक सेंटीमीटर पाणी उडून जातं. दहा फुटी पूलमध्ये हे रोजचे सत्तर लिटर, म्हणजे चार-पाच बादल्या. घरी बोअर नसेल तर फ्रेम पूलचा विचार इथेच सोडलेला बरा.

गच्चीवर काय चालतं

सगळ्यात मोठी चूक गच्चीवरच होते. एक घनमीटर पाणी म्हणजे 1,000 किलो. फ्रेम पूलमध्ये 60 सेंटीमीटर पाणी भरलं की स्लॅबच्या प्रत्येक चौरस मीटरवर 600 किलो बसतात. ये-जा असलेल्या गच्चीसाठी आयएस 875 या भारतीय मानकात धरलेला भार आहे चौरस मीटरला 1.5 किलोन्यूटन, म्हणजे सुमारे 150 किलो. चौपट वजन स्लॅब एखाद्या दिवशी पेलूनही नेईल, पण तो वाकतो, खालच्या छताला बारीक तडे जातात आणि पावसाळ्यात त्याच तड्यांतून पाणी झिरपून सळया गंजतात. म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअरने नकाशा पाहून लेखी होकार दिल्याशिवाय फ्रेम पूल गच्चीवर नको. धाब्याच्या घरावर तर फुगवायचा पूलसुद्धा नको.

आरसीसीच्या गच्चीवर फुगवायचा पूल चालतो, तोही चार-पाच इंच पाण्यासह. खालच्या खोलीच्या मधोमध नव्हे, खाली भिंत किंवा बीम आहे तिथे ठेवा. हवा सकाळी भरा आणि थोडी कमीच भरा. पहाटे पंचवीस अंशाला टच्च फुगवलेला पूल दुपारी साठ अंशांपर्यंत तापला की आतला दाब दहा-बारा टक्क्यांनी वाढतो आणि शिवणी उकलतात. डोक्यावर 75 टक्के सावलीची शेडनेट बांधा. रोपवाटिकेसाठी विकतात तीच. ती नसेल तर एवढंसं पाणी दुपारी गरम होतं आणि गच्चीच्या फरशीने मुलांचे तळपाय पोळतात. काठाभोवती ओलं गोणपाट अंथरा. संध्याकाळी पाणी काढून पूल उलटा करून बांधून ठेवा. मेअखेरीस वावधान सुटलं की रिकामा पूल शेजारच्या तारांवर जाऊन पडतो.

रोज रिकामा करण्याचं दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. दोन इंच पाण्यातही तान्हं मूल बुडतं आणि बुडताना आवाज होत नाही. पूलची काठ मऊ असते, मूल तिच्यावर वाकलं की डोक्यावर आत जातं. मोठं माणूस हाताच्या अंतरावर बसलेलं हवं, मोबाईल बाजूला ठेवून. "थोरल्याला सांगून आलो" हे चालणार नाही.

अंगणातला फ्रेम पूल आणि काळी माती

अंगण आणि बोअर दोन्ही असेल, घरात दहा वर्षांवरची मुलं असतील, तर उन्हाळ्यासाठी फ्रेम पूल हाच खरा आनंदाचा. फक्त तापीकाठची काळी माती त्याची वैरीण आहे. उन्हात ती भेगाळते आणि ओली झाली की फुगून मऊ पडते. मुलं एकाच बाजूने चढ-उतार करतात, तिथे पाणी सांडतं, त्या बाजूचे पाय रुततात, साडेचार टन पाणी तिकडे झुकतं आणि सांगाडा वाकून पूल फुटतो. त्यामुळे आधी किमान सहा इंच काळी माती काढा. मुरूम भरून, पाणी मारून धुम्मसने ठोका. वर दोन इंच चाळलेली वाळू पसरा. प्रत्येक पायाखाली फूटभर शहाबादी फरशीचा तुकडा बसवा. पाण्याच्या नळीने लेव्हल बघा. दहा फुटांत एक इंचापेक्षा जास्त उतार असेल तर पुन्हा ठोका. वाळू अंथरण्याआधी जागा दोनदा झाडा. बाभळीचा एक काटा किंवा एक सराटा तळाला भोक पाडायला पुरतो, आणि भरलेल्या पूलच्या तळाचं भोक सापडत नाही. वर ताडपत्री, मग पूल.

पाणी रोज बदलता येत नाही, म्हणून औषध लागतं. साडेचार हजार लिटरला साधारण 40 ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर, 33 टक्के क्लोरीनची. ती बादलीत कालवा, अर्धा तास निवळू द्या आणि वरचं पाणी सूर्य मावळल्यावर पूलमध्ये ओता. गाळ टाकून द्या. दिवसा टाकलेलं क्लोरीन ऊन तासा-दोन तासांत खाऊन टाकतं. दुसऱ्या दिवशी टेस्ट किटवर क्लोरीन 1 ते 3 पीपीएम आणि पीएच 7.2 ते 7.8 दिसेपर्यंत कुणी उतरायचं नाही. ब्लीचिंग पावडर अ‍ॅसिडजवळ ठेवू नका, विषारी वायू सुटतो. पूलच्या क्लोरीन गोळ्या आणि ब्लीचिंग पावडर एका डब्यात कधीही नको, त्यातून आग लागते. फिल्टर रोज सहा-आठ तास चालायला हवा. वीज गेलेल्या दिवसानंतर पाण्याला हिरवी झाक आली, तर त्यात उतरू नका.

भोवती चार फुटी जाळी आणि आपोआप बंद होणारं फाटक हवंच. आतून कडी मोठ्यांच्या उंचीवर.

विजेचं काम दोन्ही मोठ्या पर्यायांना सारखंच लागू आहे. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच, बसवा आणि त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून बघा. फ्रेम पूलच्या पंपाचा सॉकेट पाण्यापासून साडेतीन मीटर लांब ठेवा. जमिनीवर लोळणारा एक्स्टेन्शन बोर्ड नको. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडून अर्थिंग कमजोर होतं, म्हणून आठवड्याला बादलीभर पाणी त्यात ओता.

जकूझी: दिवाळी ते होळी

उन्हाळ्यासाठी म्हणून जकूझी घेऊ नका. मेमध्ये गच्चीवरच्या टाकीतलं पाणीच चटका देतं, टबमध्ये गारवा आणायला आपल्याकडे थंड पाणी नसतं. त्याचा खरा उपयोग थंडीत, शेतातून किंवा दिवसभर दुकानात उभं राहून आल्यावर पाठ-पोटऱ्या शेकायला. पण पंचवीस लिटरच्या गिझरचं भागत नाही. 65 अंशाचं पंचवीस लिटर पाणी पंचवीस अंशाच्या पाण्यात मिसळून 38 अंशाचं सत्तर-पंच्याहत्तर लिटर होतं, म्हणजे एका टबला गिझर चार वेळा. दोनशे लिटरचा सोलर असेल तरच हा विचार करा.

पाणी 40 अंशांच्या वर नको आणि पंधरा मिनिटांपेक्षा जास्त बसणं नको. गरोदर बाई, हृदयाचा किंवा रक्तदाबाचा रुग्ण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. केस वर बांधा, पाणी ओढणाऱ्या जाळीत ते अडकतात. जाळी तुटली असेल तर टब बंद. झोताची तोंडं पाण्याखाली दोन इंच गेल्याशिवाय पंप सुरू करू नका, कोरडा फिरला की त्याचं सील जळतं. नरकचतुर्दशीचं तेल-उटणं मात्र बादलीनेच. तेलात भिजलेलं उटणं नळ्यांत बसतं आणि महिनाभराने झोतातून काळे तुकडे येतात.

बोअरचं पाणी जड असेल तर पांढरा थर झोत बुजवतो. दर महिन्याला कोमट पाण्यात 200 ग्रॅम लिंबूसत्त्व टाकून पंप पंधरा मिनिटं चालवा, तासभर ठेवा, पाणी सोडा आणि साध्या पाण्याने पुन्हा एकदा फिरवा. त्या दिवशी ब्लीचिंगचा वापर नको.

गवंडी टबभोवती सुंदर टाइल लावून सगळं बंद करतात. पंपाच्या बाजूला दीड फूट बाय दीड फुटाचं उघडणारं दार काम सुरू होण्याआधीच सांगून ठेवा, नाहीतर पंप बदलायच्या दिवशी टाइल फोडाव्या लागतात.