सिनसिनाटी विंग: रंगवलेलं पोर्सिलेन बघायला जाणाऱ्यांसाठी

ओहायोतल्या सिनसिनाटी आर्ट म्युझियमची 'सिनसिनाटी विंग' २००३ साली उघडली. पंधरा दालनं, सुमारे १८ हजार चौरस फूट जागा, आणि मांडलेला सगळा ऐवज याच शहराशी जोडलेला: चित्रं, कोरीव लाकडी फर्निचर, चांदीची भांडी आणि रंगवलेलं चिनीमातीचं काम. प्रवेश आणि पार्किंग दोन्ही फुकट, सोमवारी बंद. अमेरिकेतल्या पोर्सिलेन पेंटिंगचा (पक्क्या भाजलेल्या पांढऱ्या चिनीमातीवरच्या रंगकामाचा) इतिहास एकाच ठिकाणी बघायचा असेल तर हीच जागा निवडावी, असं आमचं स्पष्ट मत. फक्त 'काय सुंदर फुलदाण्या!' म्हणत पुढे सरकलात तर मुख्य गोष्ट नजरेतून सुटेल. एका कपाटात शेजारी शेजारी ठेवलेली दोन भांडी अगदी वेगळ्या रीतीनं रंगवलेली असू शकतात, आणि या शहरातल्या भांडी रंगवणाऱ्या बायकांच्या क्लबाचा सगळा इतिहास त्याच फरकावर उभा आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. १८७३ साली कार्ल लँगनबेक या मुलाला त्याच्या जर्मनीतल्या काकांनी पोर्सिलेनच्या रंगांचा संच पाठवला. ते रंग शेजारच्या मारिया लाँगवर्थ निकल्स यांच्या हाती लागले. पुढच्याच वर्षी स्कूल ऑफ डिझाइनमध्ये लाकूडकाम शिकवणाऱ्या बेन पिटमन यांनी बायकांसाठी पोर्सिलेन पेंटिंगचा वर्ग काढला आणि शिकवायला मारी एगर्स या जर्मन बाईंना आणलं. (पिटमन म्हणजे शॉर्टहँडवाल्या आयझॅक पिटमनचे भाऊ.) त्या वर्गात मेरी लुईझ मॅकलॉफलिन होत्या. एप्रिल १८७९ मध्ये सिनसिनाटी पॉटरी क्लब निघाला तेव्हा अध्यक्ष त्याच झाल्या, आणि चिटणीस क्लारा चिपमन न्यूटन. निकल्सबाई क्लबात आल्या नाहीत. त्यांना धाडलेलं आमंत्रण वाटेतच गहाळ झालं असं सांगितलं जातं. खरं काय ते असो, पण दोन मानी बायकांची त्यानंतरची चढाओढ शहराच्या पथ्यावरच पडली.

आता कपाटांकडे. सुरुवातीचं काम 'ओव्हरग्लेझ', म्हणजे ग्लेझ (काचेसारखा चकचकीत थर) चढवून, भाजून तयार झालेल्या पांढऱ्या भांड्यावर केलेलं. त्यासाठी कोरी भांडी बहुतेक युरोपातून येत, फ्रान्समधल्या लिमोज शहरातली विशेष. स्थानिक मातीची भांडी का नकोत, याचं एक साधं तांत्रिक कारण आहे. सच्छिद्र मातीचं जुनं भांडं हवेतली ओल धरून ठेवतं. रंगासाठी पुन्हा भट्टीत गेलं की वाफ ग्लेझ फोडून बाहेर येते आणि पृष्ठभागावर बारीक फोड उठतात. पक्कं पोर्सिलेन पाणी शोषत नाही, म्हणून ते पाच-पाच वेळा भाजलं तरी तग धरतं.

रंग म्हणजे धातूंची ऑक्साइडं आणि लवकर वितळणारी काच यांची बारीक पूड. काचेच्या पाटीवर अर्धा चमचा पूड घ्यायची, घट्ट केलेल्या टर्पेंटाइनचे तीन-चार थेंब घालायचे आणि पॅलेट नाइफनं टूथपेस्टइतकं दाट होईपर्यंत घोटायचं. सैल करायला टर्पेंटाइन, रंग लवकर सुकू नये म्हणून लवंगेचं तेल. तेल जास्त झालं की भट्टीत ते उकळतं आणि रंगाला फोड येतात. थर जाड बसला की ग्लेझसकट खपली निघते. म्हणून गडद रंग एका दमात चढवत नाहीत. पातळ थर, भट्टी, पुन्हा थर, असं तीन ते पाच वेळा करतात. भट्टीचं तापमान साधारण ७२० ते ८४० अंश सेल्सिअस. सुरुवातीला झाकण दोन-तीन सेंटिमीटर उघडं ठेवून तेलाचा धूर जाऊ द्यायचा, नाहीतर चमक मरते. भट्टी पुरती गार होण्याआधी उघडली तर भांड्याला तडा जातो.

रंगाचा स्वभाव माहीत असेल तर काचेआडूनही भाजणीबद्दल बराच अंदाज बांधता येतो. सोन्यापासून केलेला गुलाबी रंग कमी भाजला तर तपकिरीकडे जातो, जास्त भाजला तर जांभळट होतो. लोहाचा लाल जास्त तापमानात फिका पडतो आणि पिवळ्यात मिसळला तर पिवळा खाऊन टाकतो. म्हणून जो रंग जास्त तापमान मागतो तो आधी आणि लाल व सोनं शेवटच्या भाजणीला, हा क्रम आजही तसाच आहे. एखाद्या फुलाचा गुलाबी मळकट वाटला तर वयाला दोष देण्याआधी भट्टी आठवावी. ग्लेझवर पक्का भाजलेला रंग उन्हानं उडत नाही.

दुसरी जात 'अंडरग्लेझ'. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात मॅकलॉफलिनबाईंनी फ्रान्सच्या हॅविलंड कंपनीच्या फुलदाण्या पाहिल्या. त्यांवरचे रंग जाड, तैलचित्रासारखे, आणि तरीही ग्लेझच्या खाली. कृती कुणी सांगेना, म्हणून १८७७ साली पॅट्रिक कूल्ट्रीच्या पॉटरीत त्यांनी स्वतः खटपट सुरू केली. जानेवारी १८७८ मध्ये जमलेलं पहिलं भांडं भट्टीतून निघालं. युक्ती ओलीत होती. मातीच्या पातळ घोळात, म्हणजे स्लिपमध्ये, धातूचे रंग कालवायचे आणि भांडं ओलसर, न भाजलेलं असतानाच तो घोळ ब्रशनं चढवायचा. भांडं कोरडं असेल तर ते घोळातलं पाणी झटकन शोषून घेतं, दोघांचं आकसणं वेगवेगळं होतं आणि चित्र सोलून निघतं. भांडं फार ओलं असेल तर रेषा पसरते आणि कड खचते. ओल जमली की दोन्ही एकत्र आकसतात.

काचेआडून ओळखायचं कसं? तिरक्या उजेडात उभं राहा. ओव्हरग्लेझ रंगाची चमक भोवतालच्या ग्लेझपेक्षा जराशी वेगळी दिसते आणि कडा धारदार असतात. स्लिपचं चित्र उठावाचं असतं, पण वरून एकच सलग चकाकी, आणि कडा मऊ. १८८० ची मॅकलॉफलिन यांची 'अली बाबा' फुलदाणी, सुमारे तीन फूट उंच, या म्युझियमच्या संग्रहात आहे. एवढ्या मोठ्या भांड्यावर शेवटपर्यंत ओल सारखी राखणं म्हणजे काय काम आहे, हे मातीत हात घातलेल्यालाच कळेल. मांडणी बदलत असते, त्यामुळे ठरावीक वस्तूसाठी लांबून जाणार असाल तर आधी विचारून घ्या.

निकल्सबाईंनी १८८० साली रुकवुड पॉटरी काढली. क्लबही पुढे भाड्यानं तिथेच काम करू लागला, पण १८८३ मध्ये व्यवस्थापक टेलर यांनी त्यांना जागा सोडायला लावली. हाताशी भट्टी नसेल तर ओली माती घेऊन बसण्यात अर्थ नाही. त्यामुळे सदस्य पुन्हा ओव्हरग्लेझकडे वळल्या आणि १८९० मध्ये क्लब मोडला. त्यांना कौशल्य कमी पडलं असं नाही, भट्टी दुसऱ्याची होती. मॅकलॉफलिनबाईंनी त्यावर १८९८ पासून स्वतःच्या परसात भट्टी बांधून 'लोसँटी' हे पक्कं पोर्सिलेन काढलं. ती छोटी, शांत भांडी बघायला गर्दी नसते. आमच्या मते दालनातलं सर्वांत अवघड काम तेच.

मुंबईकरांना हे सगळं ओळखीचं वाटेल. १८७०च्या दशकात मुंबईच्या स्कूल ऑफ आर्टमध्येही जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली अजिंठ्याच्या नक्षीची चकाकती भांडी होत होती. त्यातले नमुने भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात आहेत. दोन्ही बघितली तर तुलनेला मजा येते.

उणीव एकच, पण मोठी: भांड्याचं बूड दिसत नाही. लिमोजच्या मालावर ग्लेझखाली हिरवा शिक्का असतो, तो कोऱ्या भांड्याच्या कारखान्याचा. कारखान्यातच सजावट झाली असेल तर ग्लेझवर दुसरा, बहुधा लाल शिक्का असतो. नुसता हिरवा शिक्का आणि हातानं केलेली सही असेल तर ते बहुतेक घरी किंवा वर्गात रंगवलेलं. ही माहिती अँटिक दुकानात उपयोगी पडते, कारण 'लिमोज' म्हणून महाग विकल्या जाणाऱ्या कित्येक बशा अमेरिकेतल्या हौशी हातांनी रंगवलेल्या असतात. त्यात वाईट काही नाही, फक्त किंमत त्या हिशेबानं द्या. अशी बशी घेतलीत तर भिंतीवर लावा. जुन्या ओव्हरग्लेझ रंगातल्या काचेत शिसं असतं आणि लिंबू, चिंच, लोणचं यांची आंबटाई ते बाहेर काढते.