जुन्या इंजेक्शन गाडीचा आयडल व्हॉल्व्ह बदलला: एका उन्हाळ्यापासून दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंतचा अनुभव

गेल्या वर्षी मे महिन्यात आमची 2003 सालची पेट्रोल गाडी नागपूरच्या व्हरायटी चौकाच्या सिग्नलवर एसी चालू असताना वारंवार बंद पडू लागली. एका मोठ्या सर्व्हिस सेंटरने तिचा ईसीएम (इंजिनाचा संगणक) बदलावा लागेल असे सांगून 17,000 रुपयांचे अंदाजपत्रक हातात दिले. स्कॅनरवर कोणता कोड आला, कोणत्या सेन्सरचे व्होल्टेज मोजले, याबद्दल त्या अंदाजपत्रकात एकही ओळ नव्हती. विचारले तेव्हा, ‘जुन्या गाडीत असेच करावे लागते’ एवढेच उत्तर मिळाले. मी ते काम करू दिले नाही. शेवटी जो भाग बदलावा लागला तो मुठीत मावेल एवढा आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह होता, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू राहावे (आयडलिंग) यासाठी हवा सोडणारा भाग. मूळ भागाची किंमत 5,000 रुपयांच्या वर होती आणि तो मागवावा लागणार होता, म्हणून बाजारात मिळणारा पर्यायी भाग गॅस्केटसह (सांधा हवाबंद ठेवणाऱ्या चकतीसह) 1,400 रुपयांना घेतला. हा अनुभव त्या भागाचा आहे.

गाडीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण प्रश्न एका मॉडेलचा नाही. 1 एप्रिल 2000 पासून युरो-1च्या तोडीचे प्रदूषण-नियम देशभर लागू झाले आणि त्या सुमारास आपल्याकडच्या छोट्या पेट्रोल गाड्यांनी कार्ब्युरेटर सोडून एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्टरने फवारण्याची पद्धत) स्वीकारले. त्या पिढीतल्या बहुतेक गाड्यांत आयडलिंगची व्यवस्था थोड्याफार फरकाने सारखीच आहे, आणि तिच्याविषयीचे गैरसमजही सारखेच आहेत.

कार्ब्युरेटरच्या गाडीत आयडलिंग स्क्रू फिरवून बसवले जाई. इंजेक्शनच्या गाडीत ते दर क्षणी मोजून ठरवले जाते. ज्या मिस्त्रीला हा फरक मान्य नाही त्याच्या हाती अशी गाडी देऊ नये, असे माझे ठाम मत या वर्षात झाले आहे. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की थ्रॉटलची, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी मुख्य झडप जवळजवळ पूर्ण मिटते आणि इंजिनाला लागणारी हवा तिला वळसा घालून जाणाऱ्या एका छोट्या वाटेने आत येते. त्या वाटेवर हा व्हॉल्व्ह बसवलेला असतो. तो पेट्रोलला हात लावत नाही, केवळ हवा कमी-जास्त करतो. मॅनिफोल्डमधला (इंजिनाकडे हवा नेणाऱ्या नळीतला) दाब, इंजिनाचे फेरे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान यांवरून ईसीएम हवेचे वजन काढतो आणि त्या हिशेबाने इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते ठरवतो. गरम इंजिन आयडलवर असताना हा वेळ अवघा दोन-तीन मिलिसेकंदांचा असतो. निव्वळ पेट्रोलसाठी वजनाने 14.7 भाग हवेला एक भाग पेट्रोल हे प्रमाण धरलेले असते, आणि ते साधले की नाही याची खबर सायलेन्सरच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर परत देत राहतो. म्हणजे हवेची वाट मोकळी असेल तर पेट्रोल आपोआप तिच्या मागे येते. हवेची वाटच चिकटली असेल तर ईसीएम कितीही नवा घातला तरी सिग्नलवर गाडी बंदच पडणार.

आमच्या गाडीतला व्हॉल्व्ह स्टेपर मोटरचा आहे. त्याच्या टोकाशी शंकूच्या आकाराची दांडी असते आणि मोटर तिला ठराविक टप्प्यांनी पुढे-मागे सरकवते. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की दांडी प्रत्यक्षात कुठे आहे हे सांगणारा कोणताही सेन्सर या व्हॉल्व्हमध्ये नसतो. ईसीएम तिला एकदा शेवटपर्यंत बसवतो, ती जागा शून्य मानतो आणि तिथून पुढे टप्पे मोजत राहतो. क्रँककेसमधून (इंजिनाच्या तेल असलेल्या खालच्या भागातून) येणाऱ्या तेलाच्या वाफा आणि धूळ मिळून या वाटेत काळा, चिकट थर धरतात. त्या थराने दांडी अडली की मोजलेले टप्पे आणि खरी जागा यांचा मेळ राहत नाही. संगणक आपण वाट उघडली असे धरून चालतो आणि प्रत्यक्षात ती अर्धीच उघडलेली असते. अशा वेळी अनेकदा चेक इंजिनचा दिवाही लागत नाही, कारण विजेच्या दृष्टीने सगळे ठीक असते. दिवा लागला नाही म्हणून ‘काहीच बिघाड नाही’ किंवा ‘ईसीएमच गेला’ असे दोन टोकांचे निष्कर्ष काढले जातात, ते याच कारणाने.

नागपूरच्या उन्हाळ्यात हा दोष का उघडा पडतो, तेही सांगितले पाहिजे. पंचेचाळीस अंशांची हवा पंधरा अंशांच्या हवेपेक्षा सुमारे नऊ टक्के विरळ असते, म्हणून तेवढेच वजन आत घेण्यासाठी वाट अधिक उघडावी लागते. त्यात एसीचा कॉम्प्रेसर आणि रेडिएटरचा पंखा एकाच वेळी चालू झाले की इंजिनावर दुहेरी भार येतो. निरोगी गाडीत एसीचे बटण दाबल्यावर ईसीएम आधी व्हॉल्व्ह थोडा उघडतो आणि मगच कॉम्प्रेसरचा क्लच जोडतो, त्यामुळे फेऱ्यांचा काटा क्षणभर हलून जागेवर येतो. आमच्या गाडीत क्लच जोडला जाई, पण वाट उघडत नसे. काटा मिनिटाला पाचशे फेऱ्यांच्या खाली जाई, गाडी थरथरे आणि बंद पडे. नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) भर दुपारी झाशी राणी चौकापर्यंत जाणेसुद्धा नको वाटे, कारण मागे बस उभी असताना गाडी बंद पडली की घरच्या वडीलधाऱ्यांना मागच्या सीटवर घामाघूम बसावे लागे.

आता ज्या गोष्टीचा मला सर्वांत जास्त राग आहे, ती. सर्व्हिस सेंटरकडे जाण्यापूर्वी वर्धा रोडवरच्या एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली होती. तिथे माझ्यासमोर थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू फिरवून आयडलिंग वाढवून दिले गेले. हा स्क्रू कारखान्यात बसवून त्यावर रंगाचा ठिपका किंवा टोपी लावलेली असते, कारण तो आयडलिंगसाठी नसतोच. मिटताना झडप नळीला घासून अडकू नये, एवढ्यासाठीच तो असतो. तो आत फिरवला की झडप किंचित उघडी राहते आणि फेरे वाढतात, त्यामुळे दोन-चार दिवस गाडी बरी झाल्यासारखी वाटते. पण थ्रॉटल पोझिशन सेन्सर त्याच झडपेच्या दांड्यावर बसलेला असतो. त्याचे व्होल्टेज वाढले की ईसीएमला वाटते की चालकाचा पाय पेडलवर आहे, आणि आयडलिंग सांभाळण्याचे कामच तो सोडून देतो. काही गाड्यांत यासाठी वेगळा आयडल स्विच असतो, आणि तो सुटला की परिणाम तोच.

आमच्या गाडीत याच्याही पुढचा प्रकार घडला. गाडी तापल्यावर फेरे आठशे ते पंधराशेच्या मध्ये एकसारखे वर-खाली होऊ लागले, ज्याला मिस्त्री लोक हंटिंग म्हणतात. सेन्सरचे व्होल्टेज फारसे वाढलेले नसेल तर ईसीएम झडप मिटलेलीच धरतो, आणि तशात फेरे फार वर असतील, तर गाडी उतारावर असल्याचे समजून तो पेट्रोल तोडतो. फेरे पडले की तो पेट्रोल पुन्हा देतो, अनावश्यक हवेमुळे फेरे पुन्हा चढतात, आणि हे चक्र थांबत नाही. फाटक्या व्हॅक्यूम पाइपमधून जास्तीची हवा आत शिरली तरी नेमके हेच होते. एका स्क्रूला अर्धा आटा दिल्याने गाडीत दोन आजार झाले, आणि दुसऱ्या आजारासाठी मला ईसीएमचे अंदाजपत्रक मिळाले. आपल्या गाडीच्या त्या स्क्रूवरचा रंगाचा ठिपका तुटलेला आहे का, हे प्रत्येक मालकाने बॉनेट उघडून एकदा पाहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

शेवटी सक्करदऱ्याकडच्या एका तरुण मिस्त्रीने मल्टिमीटर हातात घेतला. ‘काका, ईसीएमले हात नका लावू. हा व्हॉल्व्ह चिकटला आहे. आधी साफ करून पाहू, मग खर्चाचं बोलू,’ असे तो म्हणाला. त्याने सेन्सरचे व्होल्टेज पाहून स्क्रू पूर्वीच्या जागी आणला, थ्रॉटल बॉडी क्लीनरने वाट धुतली आणि व्हॉल्व्ह सोडवून नुसती दांडी ब्रशने साफ केली. मोटरच्या बाजूला क्लीनर जाऊ नये आणि दांडी हाताने दाबू नये, ही काळजी त्याने न सांगता घेतली. काही आठवडे गाडी उत्तम चालली. नंतर दुपारच्या उन्हात पुन्हा तेच सुरू झाले. या वेळी त्याने व्हॉल्व्हच्या मोटरमधल्या दोन्ही कॉइलचा (तारेच्या वेटोळ्यांचा) विद्युत रोध मोजला तेव्हा एक कॉइल दुसरीशी जुळत नव्हती. साफसफाईने यापुढे भागणार नव्हते. तेव्हा हा नवा भाग बसवला.

बसवल्यावर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून थोड्या वेळाने परत जोडली, जेणेकरून जुन्या व्हॉल्व्हसाठी ईसीएमने शिकून ठेवलेली सवय पुसली जाईल. मग एसी, दिवे, रेडिओ सगळे बंद ठेवून रेडिएटरचा पंखा फिरेपर्यंत गाडी नुसती चालू ठेवली आणि त्यानंतर तेच एसी लावून केले. हे शिकवणे झाल्याशिवाय नवा भाग वाईट आहे असा निकाल कोणी देऊ नये. पहिल्या दिवशी फेरे थोडे अस्थिर होते, पण पुढे ते आपोआप जागेवर आले. पावसाळ्यात वायपर, हेडलाइट, काचेवरचा ब्लोअर आणि एसी एकदम चालू असूनही अजनी चौकातल्या कोंडीत काटा आठशेपासून ढळला नाही. तोवर या 1,400 रुपयांबद्दल मी अत्यंत समाधानी होतो.

डिसेंबरात हे मत खाली आले. सकाळी गाडी सुरू केली की फेरे तेराशेच्या आसपास जात. एवढे योग्यच होते, कारण थंड इंजिनाला जास्त हवा आणि जास्त पेट्रोल देणे हे याच व्यवस्थेचे काम आहे, आणि त्यासाठीच पूर्वी चोक ओढावा लागे. पण छत्रपती चौकापर्यंत येऊनही फेरे हजाराच्या खाली येत नव्हते, ॲव्हरेजही घटले आणि सायलेन्सरला पेट्रोलचा वास येऊ लागला. स्वस्त भाग अखेर दगा देतो, अशी शंका येणे साहजिक होते. मात्र तापमानाचा काटा पाहिला तेव्हा तो वाटेतच थबकलेला असे. शोध घेतल्यावर निघाले ते असे की, गेल्या उन्हाळ्यात वर्धा रोडवरच्या त्याच गॅरेजने इंजिन तापू नये म्हणून मला न विचारता थर्मोस्टॅट काढून टाकला होता.

ही आपल्याकडची सर्रास चालणारी रीत आहे आणि इंजेक्शनच्या गाडीत ती फार महाग पडते. थर्मोस्टॅट साधारण 82 अंशांच्या आसपास उघडू लागतो आणि तोपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही. तो नसेल तर थंडीत इंजिन पुरेसे तापतच नाही. कूलंटचा सेन्सर प्रामाणिकपणे ‘इंजिन थंड आहे’ असे सांगत राहतो, ईसीएम जास्त पेट्रोल देत राहतो, व्हॉल्व्ह उघडा ठेवतो आणि ऑक्सिजन सेन्सरच्या खबरेकडे लवकर वळत नाही. नवा व्हॉल्व्ह मिळालेली आज्ञा अचूक पाळत होता. थर्मोस्टॅट आणि नवा कूलंट घातल्यावर काटा मध्यावर स्थिर झाला, फेरे आठशेवर उतरले आणि ॲव्हरेज पूर्ववत झाले. त्या व्हॉल्व्हबद्दलचे माझे मत जानेवारीत पुन्हा वर गेले ते आजतागायत तिथेच आहे.

पेट्रोलविषयी एक गोष्ट इथेच नोंदवतो, कारण तिचा आयडलिंगशी थेट संबंध आहे. आता पंपावर वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन मुळातच असतो, म्हणून त्याला हवा कमी लागते आणि तेवढ्याच हवेला इंधन जास्त द्यावे लागते. गरम इंजिनात ऑक्सिजन सेन्सर हा फरक ओळखतो आणि ईसीएम ठराविक मर्यादेपर्यंत इंजेक्टरचा वेळ वाढवून घेतो. जुन्या कार्ब्युरेटरला हे कधीच जमले नसते. पण थंड इंजिनात सेन्सर अजून तापलेला नसतो, तेव्हा ईसीएम जुन्या पेट्रोलसाठी लिहिलेल्या तक्त्यावरच चालतो आणि मिश्रण पातळ पडते. थंडीच्या सकाळी सुरुवातीचा अर्धा मिनिट आमची गाडी किंचित मिसिंग करते ती यामुळे असावी. व्हॉल्व्ह बदलून ते जाणार नाही आणि त्यासाठी मी आणखी खर्चही करणार नाही.

यंदाचा मे महिना पुन्हा तसाच गेला, पण गाडी सिग्नलवर एकदाही बंद पडली नाही. पर्यायी भागाची एक उणीव मात्र सांगतो. त्याच्यासोबत आलेले गॅस्केट पातळ होते आणि वर्षभरात कडक झाले. आता साफसफाईच्या वेळी ते वेगळे विकत घेऊन बदलले. हवेची गळती तिथून सुरू झाली तर सगळे मुसळ केरात, म्हणून व्हॉल्व्ह घेतानाच चांगले गॅस्केट वेगळे मागावे. ज्यांच्या गाडीत ड्राइव्ह-बाय-वायर थ्रॉटल आहे, म्हणजे पेडलपासून झडपेपर्यंत तारच नाही, त्यांच्याकडे हा भाग सहसा नसतो, आणि दुकानदार देत असला तरी त्यांनी तो घेऊ नये. ज्यांच्याकडे आहे त्यांनी आधी वाट धुवावी, व्हॅक्यूम पाइप बोटाने चाचपून पाहावेत, थर्मोस्टॅट जागेवर आहे का ते विचारावे आणि कॉइलचा रोध मोजल्यावरच पैसे काढावेत. स्टिअरिंग पूर्ण वळवून उभे असताना आमचा काटा अजून जरा खाली येतो. पॉवर स्टिअरिंगच्या प्रेशर स्विचची वायर पावसाळ्याआधी तपासून घेणार आहे.